संध्याकाळी सातची वीज

बायकांच्या गप्पांना विषयाचं वावडं नसतं. मेथी निवडता निवडता आपण शेजारणीच्या सुनेपासून सोन्याच्या भावापर्यंत कुठेही पोचतो. तिथे मत द्यायला कुणी परीक्षा घेत नाही, त्यामुळे मतंही भराभर येतात. पण कधी कधी या सहज बोललेल्या मतांमध्येच मोठ्या प्रश्नाचं टोक हाती लागतं. विजेबद्दल तसंच झालं.

२ नोव्हेंबर २०२५च्या रात्री आपल्या मुलींनी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला होता, संपेपर्यंत मध्यरात्र उलटली. त्याआधी उपांत्य सामन्यात भांडुपला जन्मलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या, तेव्हा तर आम्हा उपनगरवाल्यांची मान आणखीच ताठ झाली. एरवी क्रिकेट लागलं की रिमोटसाठी भांडणाऱ्या बायकासुद्धा त्या दिवशी पोळ्या लवकर उरकून टीव्हीसमोर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आमच्या बोरिवलीच्या मंडळात तुळशीच्या लग्नाची वर्गणी मोजताना विषय अर्थातच सामन्याचा. त्यात तीन मतं निघाली. एक म्हणाली, ‘‘जिंकल्या ते झालं, पण रात्रीचे सामने हवेत कशाला? मैदानावर केवढे दिवे! आणि वर आपल्याला सांगायचं, वीज वाचवा.’’ दुसरी म्हणाली, ‘‘गच्चीवर सोलर बसवलं की प्रश्नच मिटला. ऊन काय विकत आणायचंय?’’ तिसरीचा मुलगा इंग्लंडात असतो. तिचं म्हणणं, ‘‘तिकडे कोळसा बंदसुद्धा केला. सगळं कसं शिस्तीत असतं त्या लोकांचं.’’

मैत्रिणींनो, या तिन्ही मतांत थोडं थोडं खरं आहे. पण तिन्हींत एक गोष्ट सुटून गेली आहे. ती म्हणजे घड्याळ! वीज कशापासून तयार होते यावर आपण हिरिरीने बोलतो, पण ती कोणत्या वेळी लागते याचा विचार करत नाही. आणि ही वेळ तर आपल्या स्वयंपाकघरात ठरते.

आधी मैदानावरच्या दिव्यांचं बघू. दिवे डोळ्यांत भरतात, म्हणून राग त्यांच्यावर निघतो. पण सामन्याच्या वेळी विजेवर खरा ताण येतो तो बघणाऱ्यांच्या घरांतून. याचा एक किस्सा इंग्लंडमध्ये प्रसिद्ध आहे. ४ जुलै १९९० रोजी फुटबॉलच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यात झाला. पेनल्टीवर इंग्लंड हरलं. सामना संपला, सगळा देश हळहळत सोफ्यावरून उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाची किटली लावली! आपल्याकडे चहा गॅसवर होतो, तिकडे विजेच्या किटलीत. त्या काही मिनिटांत विजेची मागणी २८०० मेगावॅटने वाढली. हा आकडा केवढा? आपल्या कोयनेच्या सगळ्या टप्प्यांची मिळून वीजनिर्मितीची क्षमता १९६० मेगावॅटच्या आसपास आहे. म्हणजे कोयना पूर्ण चालवली तरी पुरली नसती, एवढी वीज चहाच्या किटल्यांनी मागितली.

वीज काही डब्यात भरून ठेवलेली नसते. ज्या क्षणी आपण बटण दाबतो, त्याच क्षणी तेवढी वीज कुठे तरी तयार व्हावी लागते. कोळशाच्या केंद्राला तर चुलीसारखी तयारी लागते. बंद बॉयलर तापवून चालू करायला तास जातात. पाण्याचं तसं नाही. झडप उघडली की काही मिनिटांत वीज हजर. ब्रिटनमध्ये वेल्सच्या डोंगरात डिनॉर्विग नावाचं एक केंद्र १९८४ साली सुरू झालं. रात्री मागणी कमी असताना पाणी वरच्या तळ्यात चढवायचं आणि गरज पडली की खाली सोडायचं. मिनिट-दीड मिनिटात ते पूर्ण ताकदीने चालू शकतं. मालिका संपली, सामन्याचं मध्यंतर झालं, की अशा केंद्रांवर भिस्त असते. आपल्या राज्यातही अशी सोय आहे. नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघरला २५० मेगावॅटचा प्रकल्प याच तत्त्वावर चालतो.

आपण सगळ्यांनी मिळून याची उलटी गंमतही केलेली आहे. आठवतंय ना? करोनाच्या टाळेबंदीत ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. आपण पणतीत तेल घालत होतो तेव्हा वीज खात्यातली माणसं श्वास रोखून बसली होती. देशभरात विजेची मागणी एकदम सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि नऊ मिनिटांनी पुन्हा वर चढली. तो झोका सांभाळला मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी. एकेका घरातलं बटण क्षुल्लक असतं, पण सगळ्यांनी एकाच वेळी दाबलं की त्याची ताकद दिसते.

आता दुसरं मत, सोलरचं. ऊन फुकट आहे हे खरंच. पण सूर्य मावळतो कधी आणि आपली लगबग सुरू होते कधी? संध्याकाळी सहा ते दहा हा आपल्या घरांचा खरा कामाचा वेळ. दिवे, पंखे, मिक्सर, टीव्ही, मुलांचा अभ्यास, नवरा घरी आला की एसी. नेमक्या त्याच वेळी सौर पॅनल झोपी गेलेलं असतं. मग ती वीज येते कुठून? काही कोयनेच्या पाण्यातून. संध्याकाळची वाढती मागणी भागवायला कोयनेचा मोठा आधार असतो. पण तिचं पाणी वीज करून पश्चिमेला चिपळूणकडे सोडायलाही मर्यादा ठरलेली आहे, आणि उन्हाळ्यात तर धरणाकडे बघवत नाही. उरलेली बरीचशी वीज कोळशाची.

मुंबईपुरतं बोलायचं तर उपनगरांच्या अनेक घरांत वर्षानुवर्षं डहाणूच्या केंद्राची वीज आली. ५०० मेगावॅटचं हे कोळशाचं केंद्र चिकूच्या वाड्यांच्या प्रदेशात आहे, आणि तिथल्या लोकांनी त्यासाठी न्यायालयात दीर्घकाळ लढा दिला. दुसरं मोठं केंद्र ट्रॉम्बेला, चेंबूरच्या वस्त्यांजवळ. म्हणजे आमच्या बोरिवली-अंधेरीतल्या संध्याकाळचा धूर डहाणू-चेंबूरच्या बायकांच्या दोरीवरच्या कपड्यांवर.

बरं, धूर नसलेली वीज ही काही आजकालची नवलाई नाही. मुंबईच्या गिरण्यांसाठी टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज करायला सुरुवात केली ती १९१५ साली. पुढे १९२२ला भिवपुरी, १९२७ला भिरा. पण त्या स्वच्छ विजेसाठीही कुणी तरी किंमत मोजलीच. मुळशीच्या धरणात मावळातली गावं बुडणार म्हणून १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्यात स्त्रियाही उतरल्या होत्या. कोयनेच्या विस्थापितांची आंदोलनं तर आपण अनेक वर्षं वर्तमानपत्रात वाचत आलो. तेव्हा ‘फुकट’ हा शब्द विजेच्या बाबतीत जरा जपूनच वापरावा.

सोलरचा खरा फायदा कुणाला झाला हे बघायचं असेल तर गावाकडे जावं. शेतीपंपाला रात्रीची वीज मिळायची तेव्हा घरातला माणूस कडाक्याच्या थंडीत पाणी द्यायला जायचा. साप, विंचू, कुठे बिबट्या. आणि तो परत येईस्तोवर घरातल्या बाईचा डोळ्याला डोळा लागायचा नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ला तिचा दुसरा टप्पा आला. गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची ही कल्पना. जिथे ती पोचली, तिथे युनिटचा दर काय पडला हा हिशेब अधिकारी करतील. पण रात्रीची शांत झोप कोणत्या बिलात मांडणार? विजेची वेळ बदलली की आयुष्य कसं बदलतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही.

आता तिसरं मत, विलायतेच्या शिस्तीचं. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे आपलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं, हे अगदी खरं. कोळशावर सार्वजनिक वीज सुरू केली तीही त्यांनीच, लंडनमध्ये १८८२ साली. एकशे बेचाळीस वर्षांनी त्यांनी ते खातं बंद केलं. समुद्रातल्या पवनचक्क्या, अणुवीज आणि नैसर्गिक वायू यांनी कोळशाची जागा घेतली. यातला वायू काही धुराविना नाही, आणि त्यानेच त्यांना रडवलंही. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झालं, वायूचे भाव भडकले आणि त्यांची वीज-गॅसची बिलं अशी वाढली, की सरकारला मध्ये पडावं लागलं. त्या ऑक्टोबरपासून सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांच्या आसपास राहील असा दर सरकारने बांधून दिला. म्हणजे तेव्हाचे दोन लाखांहून जास्त रुपये!

माझी नणंद तिकडे राहते. फोनवर सांगायची, ‘‘वहिनी, एका खोलीतच हीटर लावतो आणि सगळे तिथेच बसतो.’’ गावोगावच्या वाचनालयांनी आणि चर्चनी आपली दारं उघडून लोकांना ऊब घ्यायला बोलावलं. घर गरम ठेवायचं की पोटभर जेवायचं, असा प्रश्न श्रीमंत देशातल्या म्हाताऱ्या माणसांपुढे उभा होता. तेव्हा परदेशातलं सगळं गोडच असतं असं नाही.

पण त्याच हिवाळ्यात त्यांनी एक गोष्ट केली, ती मात्र आपण लक्षात ठेवण्यासारखी. स्मार्ट मीटर असलेल्या घरांना वीज कंपन्या आदल्या दिवशी कळवायच्या, उद्या संध्याकाळी अमुक तासाभरात वीज कमी वापरा, जेवढी वाचवाल तेवढे पैसे देऊ. नणंद म्हणते, त्या दिवशी आम्ही मशीन रात्री उशिरा लावायचो आणि रात्रीचं जेवण दुपारीच करून ठेवायचो. सुमारे १६ लाख घरं आणि व्यवसाय यात सामील झाले. संध्याकाळचा एक तास मोकळा करणं हे काम आहे आणि कामाचे पैसे मिळाले पाहिजेत, हे तिथे मान्य झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडेही त्या दिशेने पाऊल पडलं. महावितरणने १ जुलै २०२५पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत जाहीर केली. दुपारी सौर वीज भरपूर असते, ती तेव्हाच वापरली जावी, हा हेतू. आमच्या उपनगरांत मुलुंड-भांडुपला महावितरणची वीज आहे, अंधेरी-बोरिवली-घाटकोपरकडे अदानी किंवा टाटांची. तुमच्यापैकी बहुतेकींच्या गावात मात्र महावितरणच असणार, म्हणून हे मुद्दाम सांगते. असे दर आयोगाच्या आदेशाप्रमाणे बदलत राहतात, तेव्हा आपल्या बिलावर ही वेळ आणि हा दर छापलाय का, हे स्वतः बघा. बिल नवऱ्याच्या नावावर असलं तरी वाचायला बंदी नाही!

आता हिशेब करू या, आपल्या किराण्याच्या वहीसारखा. समजा, कपडे धुण्याचं मशीन, इस्त्री आणि घरातली पिठाची गिरणी आपण दुपारी चालवली आणि महिन्याला तीस युनिट संध्याकाळवरून दुपारवर नेली. तीस गुणिले ऐंशी पैसे, म्हणजे महिन्याला चोवीस रुपये. एक जुडी मेथी! यासाठी बाईने आपली दुपारची पाठ टेकायची वेळ सोडायची का? पहाटे पाचला उठलेल्या बाईला दिवसात तेवढाच एक तास तिचा स्वतःचा असतो. आणि जी सात बावन्नच्या लोकलने कामाला जाते, रात्री आठला घरी येते, ती दुपारी मशीन लावणार कशी? तिला ही सवलत कागदावरच. म्हणजे ‘दुपारी वापरा’ हे सांगणं सोपं आहे, पण त्यात बाईचा वेळ फुकट धरलेला आहे. उन्हासारखाच!

याचा अर्थ सवलत नको असा मुळीच नाही. सगळ्यांनी थोडं थोडं हलवलं तर संध्याकाळचा कोळसा कमी जळेल, ही गोष्ट खरीच. फक्त क्रम बदलायला हवा. माझं म्हणणं सरळ आहे. ज्या यंत्रापाशी बाईला उभं राहावं लागत नाही, ते आधी दुपारी न्या. मग बाकीच्यांचं बघू.

असं सगळ्यात मोठं यंत्र आपल्या नाकासमोर आहे. इमारतीचा पाण्याचा पंप. पाच अश्वशक्तीचा पंप तीन तास चालला तर रोज साधारण अकरा युनिट वीज खातो. अनेक सोसायट्यांत तो पहाटे आणि संध्याकाळी चालतो, कारण वॉचमनला तशी सवय असते. महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत केव्हाही येवो, वरच्या टाकीत ते दुपारी बारा वाजता चढवलं तर कुणाचं काय अडतं? आणि त्यासाठी गच्चीवर तीन किलोवॅटचं सौर पॅनल बसवलं तर ते चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देतं. जागा लागते तीनशे चौरस फूट. फेब्रुवारी २०२४मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान ठेवलं गेलं, म्हणजे तिनाला ५४ हजार. स्वतःचं घर, स्वतःची गच्ची असेल तर तीन किलोवॅटला ७८ हजार. पावसाळ्यात वीज कमी मिळते हे खरं, पण नेट मीटर असला की जास्तीची वीज ग्रीडला जाते आणि बिलात वळती होते. वर्षाचा हिशेब बघावा, जुलैचा नव्हे.

मग हे होत का नाही? आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत हा विषय सर्वसाधारण सभेत आला आणि दोनदा पुढे ढकलला गेला. एकाचं म्हणणं, गच्ची गळेल. दुसऱ्याचं, वरच्या मजल्यावाल्यांचाच फायदा. तिसऱ्याला गच्चीवर मुलाचं क्रिकेट हवं होतं! सभेत पंचवीस माणसं, त्यात बायका तीन. बाकीच्या घरी, कारण सभा नेहमीप्रमाणे रविवारी सकाळी अकरा वाजता, म्हणजे मटण शिजत असतानाच! पंप बिघडला की बादल्या कोण भरतं, पाणी किती वाजता लागतं, पापड-कुरडया वाळवायला गच्चीचा कोणता कोपरा लागतो, हे ज्यांना ठाऊक, त्याच सभेत नाहीत. पॅनल कुठे बसवायचं याचा निम्मा वाद त्या बायकांनी पाच मिनिटांत सोडवला असता.

सहकारी संस्थांच्या समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात. बहुतेक ठिकाणी त्या कुणाच्या तरी पत्नीचं नाव घालून भरल्या जातात आणि सही घरपोच घेतली जाते. ही जागा खरी करू या. येत्या सभेआधी चौघी-पाचजणींनी मिळून तीन गोष्टी लेखी द्या. पंप दुपारी चालवावा. सामायिक विजेचं वर्षभराचं बिल सभेत वाचून दाखवावं. गच्चीवरच्या पॅनलसाठी दोन-तीन ठिकाणांहून दर मागवावेत आणि वाळवणासाठी एक कोपरा राखून ठेवावा. आणि हो, सभेची वेळ संध्याकाळी चारची मागून घ्या. गावात सोसायटी नसेल तर बचत गटाच्या बैठकीत हाच विषय काढा. ग्रामपंचायतीच्या नळपाणी योजनेचा पंप किती वाजता चालतो, तो सौर विजेवर नेता येईल का, हे ग्रामसभेत विचारा.

रात्रीचे सामने होऊ देत. आपल्या मुली दिव्यांच्या लखलखाटात विश्वचषक उचलतात, त्या दिव्यांवर राग नको. सामना बघताना एकाच खोलीत सगळे बसले, बाकी खोल्यांतले दिवे-पंखे बंद केले, तरी पुष्कळ झालं. इंग्लंडचं कौतुकही करू, पण तिथली महाग ऊबही लक्षात ठेवू. आणि सोलरवाल्याला घरी बोलावलं, की पॅनलची किंमत विचारण्याआधी एक प्रश्न आपण विचारायचा, ‘‘दादा, यातली किती वीज आम्ही दुपारी वापरू शकतो?’’ त्याचं उत्तर ऐकायला पंपाची वेळ ठरवणाऱ्या सेक्रेटरींनाही बोलावून घ्या.